प्राणी वर्तन परिषद

प्राणी काय करतात, कसं करतात आणि मुळात का करतात, याचा अभ्यास करणाऱ्या लोकांचं वर्षाकाठी भरणारं संमेलन. परिषद हा शब्द बॅनरवरच, बोलताना सगळे कॉन्फरन्सच म्हणतात.

ब्रिटनमधली या विषयाची संस्था १९३६ ची, अमेरिकेतली अ‍ॅनिमल बिहेवियर सोसायटी १९६४ ची, दोघींच्याही बैठका दरवर्षी होतात. १९५२ ला सुरू झालेली आंतरराष्ट्रीय इथॉलॉजी (म्हणजे प्राणी वर्तनशास्त्र) परिषद मात्र वर्षाआड भरते. टिनबर्गन, लॉरेंझ आणि फॉन फ्रिश या तिघा वर्तन अभ्यासकांना १९७३ चं नोबेल मिळालं आणि मग पक्षी बघत बसणं हेसुद्धा काम असतं हे घरच्यांना पटवणं जरा सोपं झालं असावं.

आधी काही महिने अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायचा, म्हणजे दोन-तीन वर्षांची मेहनत एका परिच्छेदात कोंबायची, तो निवडला गेला तर टॉक मिळतो नाहीतर पोस्टर, म्हणजे अभ्यास मोठ्या कागदावर छापून लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. टॉक म्हणजे प्रश्नांसकट जेमतेम पंधरा मिनिटं, आणि शेजारच्या हॉलमध्ये त्याच वेळी दुसरं काहीतरी भारी चालू असतं, त्यामुळे लोक सारखे इकडून तिकडे पळत असतात. पोस्टरला कमी समजतात ते चूक आहे, तिथे समोरचा माणूस अर्धा तास उभा राहून तुमच्या आकड्यांची पिसं काढतो आणि खरी सुधारणा तिथेच होते (आणि चहाच्या रांगेत). अमेरिकेतल्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या टॉक्ससाठी वॉर्डर क्लाइड अ‍ॅली या प्राणिशास्त्रज्ञाच्या नावाची स्पर्धाही असते.

आपल्या किनाऱ्यालगत या धर्तीचं मोठं काही झालं ते गोव्यात, एप्रिल २०१० मध्ये, समुद्री कासवांचं ३० वं वार्षिक आंतरराष्ट्रीय संमेलन. ते निव्वळ वर्तनाचं नव्हे, पण मादी कुठे चढते, कुठल्या वाळूत खड्डा करते, पिल्लं उजेडाकडे का धावतात हे सगळं वर्तनच की. कोकणात ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे वेळास, आंजर्ले, गुहागरकडे हॅचरीत (अंडी राखायच्या कुंपणात) पिल्लं निघत असतात आणि पावसाळ्यात भरणाऱ्या परदेशी बैठकांच्या मुदती बऱ्याचदा नेमक्या तेव्हाच येतात. पहाटे वाळूतला माग बघून मादी अंडी घालून गेली की नुसतीच परतली हे सांगणारे गावातले कासवमित्र या हॉलमध्ये सहसा दिसत नाहीत, त्यांची नोंदवही तेवढी दुसऱ्याच्या स्लाइडवर दिसते. हे खटकतं.

पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, असं बरेच जण धरून चालायचे. २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना दिसली. एकाच मादीवरून सिद्धांत होत नाही, पण पोस्टर नक्की होतं, आणि त्यासमोर गर्दीही होते.