स्लॅमचा शोध: ब्लॅकवुड कधी आणि क्यू-बोली कधी

पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडच्या पडव्यांमध्ये ब्रिजचे डाव रंगू लागले की एक प्रकार हमखास पाहायला मिळतो. हातात अठरा गुण आले आणि भिडूने आपल्या रंगाला पाठिंबा दिला की खेळाडू स्लॅमच्या, म्हणजे तेरापैकी बारा किंवा सगळे हात जिंकण्याच्या बोलीच्या, आशेने मागचापुढचा विचार न करता ‘चार नो ट्रम्प’ (बिनहुकुमी) म्हणून मोकळा होतो. ईझ्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ साली मांडलेला, भिडूकडे किती एक्के आहेत हे विचारणारा हा संकेत आणि त्याची उत्तरे सर्वांना पाठ असतात: पाच किलवर म्हणजे शून्य किंवा चार एक्के, चौकट म्हणजे एक, बदाम म्हणजे दोन, इस्पिक म्हणजे तीन. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. हुकुमाचा राजा पाचवा एक्का धरणारी की-कार्ड पद्धत मला अधिक पसंत आहे. तिच्या उत्तरांचा क्रम कोणता ठेवावा यावर मात्र लोक नाहक वाद घालतात.

खरी गफलत निराळीच आहे. ब्लॅकवुड एक्के किती ते सांगते. कोणत्या रंगात विरोधक पहिले दोन हात सरळ उचलून नेतील, हे ती सांगत नाही.

समजा, तुमच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, चौकी, बदामाची सत्ती-तिर्री, चौकटचे एक्का, राजा, राणी आणि किलवरचे राजा-पंजी अशी पाने आहेत. तुम्ही एक इस्पिक बोललात, भिडू तीन इस्पिक बोलला. त्याच्याकडे इस्पिक आणि किलवरचे एक्के आहेत, म्हणून चार नो ट्रम्पला तो पाच बदाम असे उत्तर देतो. एकच एक्का बाहेर आहे, असे पाहून तुम्ही सहा इस्पिक, म्हणजे बारा हातांचा स्लॅम, बोलता. भिडूच्या बदामात राणी, पंजी, चौकी एवढेच असेल, तर विरोधक बदामाचे एक्का-राजा वाजवून डाव तिथेच बुडवतात. उलट, त्याच्याकडे बदामाचे एकच पान आणि चौकटची चार पाने असती, तर दुसरा बदाम हुकुमाने कापून बारा हात निघाले असते. दोन्ही वेळी ब्लॅकवुडचे उत्तर मात्र तेच, पाच बदाम.

क्यू-बोली हाच फरक उघड करते. तीन इस्पिकवर तुम्ही चार किलवर बोलता, म्हणजे त्या रंगात आपला ताबा असल्याचे कळवता. एक्का किंवा राजा, एकच पान किंवा रंगच नसणे, हे सारे ताबाच मानावे, असे माझे ठाम मत आहे; केवळ एक्के दाखवण्याची जुनी रीत बोलीची जागा वाया घालवते. भिडू चार इस्पिकवर परतला, तर बदामात त्याचाही ताबा नाही, म्हणून तिथेच थांबावे. तो चार बदाम बोलला, तर चार नो ट्रम्प खुशाल विचारावे. ज्याच्याकडे एखादा रंगच नाही, त्याने मात्र एक्क्यांची संख्या विचारूच नये. भिडूचा एकुलता एक्का नेमका त्याच रंगात निघाला, तर त्या उत्तराचा उपयोग काय?

गर्बर, म्हणजे चार किलवर बोलून एक्के विचारणे, हे फक्त नो ट्रम्पच्या सुरुवातीनंतर ठेवावे, कारण तिथे चार नो ट्रम्प ही बोली एक्के न विचारता कमाल गुण असल्यास सहावर जाण्याचे आमंत्रण देते. जे लोक प्रत्येक डावात चार किलवरला गर्बर मानतात, ते क्यू-बोलीची पहिली पायरीच काढून घेतात. अशा भिडूबरोबर खेळायला बसण्यापूर्वी ही गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी.