डावा हात सरळ, उजवी कोपर आत: बॅकस्विंगचे हे नियम आले कुठून

नागपुरात कोणी नवीन गोल्फ शिकायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच त्याला सल्ले मिळायला लागतात, एक जण म्हणतो डावा हात सरळ ठेव, दुसरा म्हणतो उजवी कोपर अंगाला चिकटव, तिसरा म्हणतो हात अजून वर जाऊ दे, आणि रात्री मोबाईलवर पाहिलेला व्हिडिओ सांगतो की टॉपला (क्लब मागे जाऊन सगळ्यात वर पोचतो तिथे) मनगट आत वाकव. सगळे मनापासूनच सांगतात. पण या चार गोष्टी एकाच स्विंगमध्ये (क्लब मागे नेणं म्हणजे बॅकस्विंग, मग खाली आणून चेंडू मारणं) बसत नाहीत आणि नवा माणूस चक्रावून जातो. माझं म्हणणं असं आहे की यातला प्रत्येक सल्ला कोणत्या तरी एका काळातून, एका प्रकारच्या क्लबमधून (म्हणजे मारायच्या काठीतून) आणि बरेचदा एकाच खेळाडूच्या अडचणीतून आलाय, आणि ते माहीत असलं की आपण काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येतं. (खाली सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा धरलाय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

सुरुवात लाकडापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात आणि पुढे १९२० च्या दशकापर्यंत क्लबचे दांडे हिकरी लाकडाचे असायचे. हिकरी मजबूत असते पण पिळली जाते, म्हणजे वरून झटक्यात क्लब खाली आणला तर दांडा नुसता वाकत नाही, स्वतःभोवती फिरतो आणि क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो. म्हणून त्या काळचे लोक लांब, सैल, गोल फिरणारा स्विंग करायचे, टेकअवेमध्ये (क्लब मागे न्यायला सुरुवात करताना) हात आणि मनगट फिरवून फेस उघडायचे आणि खाली येताना परत बंद करायचे, सगळं एका लयीत. वरून घट्ट ट्वीडचे कोट, त्यात हात वर न्यायला जागाच कुठे, त्यामुळे स्विंग अंगाभोवती आडवा जायचा. डावी कोपर टॉपला वाकलेली असायची आणि त्यात कोणाला काही चूक वाटत नव्हती.

हॅरी वार्डन (जन्म १८७०, जर्सी बेट) यानं यात पहिला मोठा बदल केला. त्याचा स्विंग त्या वेळच्या मानानं बराच उभा होता, चेंडू उंच जायचा आणि हळूच खाली बसायचा. त्यानं ब्रिटनची ओपन चॅम्पियनशिप ६ वेळा जिंकली, १८९६ ते १९१४ च्या दरम्यान, आणि हा विक्रम अजून कोणी मोडला नाही. आज आपण जी उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवून ग्रिप धरतो तिला त्याचंच नाव आहे. आणि याच वार्डनचे टॉपचे फोटो पाहिले तर डावी कोपर स्पष्ट वाकलेली दिसते! डावा हात काठीसारखा कडक पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे फोटो एकदा जरूर पाहावेत.

मग आलं स्टील. अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेकडून १९२९ मध्ये स्टीलच्या शाफ्टला (दांड्याला) परवानगी मिळाली. बॉबी जोन्सनं १९३० ची चारही मोठी जेतेपदं हिकरीनंच घेतली, पण तो त्या जमान्याचा जवळपास शेवटच होता, पुढच्याच वर्षी बिली बर्कनं स्टीलनं यूएस ओपन मारली. स्टील फार पिळत नाही, म्हणजे हात फिरवून फेस उघडा, मग बंद करा, हा खटाटोप करायची गरजच संपली. हे सगळ्यात आधी नीट ओळखलं ते बायरन नेल्सननं, त्यानं मनगट फिरवणं कमी केलं, हात सरळ मागे नेले, पायांचा जोर वापरला. १९४५ मध्ये तो लागोपाठ ११ स्पर्धा जिंकला. डाव्या हाताच्या सरळपणाला जो मान मिळाला तो मुख्यतः या स्टीलच्या काळातला आहे.

आता बेन होगन, आणि इथे मला जरा थांबायचंय, काऊन तर आपल्याकडे होगनचं नाव घेऊन सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. होगन आणि नेल्सन दोघंही १९१२ चे, दोघंही टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या एकाच गोल्फ क्लबवर कॅडी (खेळाडूंची पिशवी वाहणारे) होते. होगनचा आजार होता हूक, चेंडू डावीकडे इतका वळायचा की वर्षानुवर्षं त्याला नीट कमाई करता आली नाही. त्यावर त्यानं उपाय शोधला तो असा की ग्रिप कमजोर केली (डावा हात डावीकडे वळवून धरला) आणि टॉपला डावं मनगट मागे मोडलं, म्हणजे कपिंग केलं. दोन्हीमुळे फेस उघडतो. मग तो कितीही जोरात मारो, चेंडू डावीकडे पळत नव्हता. १९५५ मध्ये लाइफ मासिकात त्यानं हे 'सीक्रेट' सांगितलं आणि जगभरचे हौशी खेळाडू तेच करायला लागले. पण हौशी माणसाचा आजार बहुतेक वेळा स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं) असतो, फेस आधीच उघडा असतो! हूकवरचं औषध स्लाइसवाल्यानं घेतलं तर चेंडू अजूनच उजवीकडे जाणार, दुसरं काय होणार.

१९५७ मध्ये होगनच्या पुस्तकात दोन चित्रं आली जी आजही प्रत्येक कोचच्या डोक्यात असतात. एकात चेंडूपासून खांद्यापर्यंत तिरपी काच ठेवलेली आणि हात तिच्या खाली फिरतायत, दुसऱ्यात दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत एकत्र बांधल्यासारखे. उजवी कोपर आत, हा नियम आपल्यापर्यंत मुख्यतः याच रस्त्यानं पोचला. होगननं १९४९ च्या भयंकर बस अपघातानंतर परत येऊन १९५० ची यूएस ओपन जिंकली होती, १९५३ मध्ये तीन मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा), त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतंच.

आणि लगेच पुढच्या दशकात जॅक निकलॉस आला ज्याची उजवी कोपर टॉपला अंगापासून चांगली दूर असायची. लोकांनी नावं ठेवली, 'फ्लाइंग एल्बो' म्हणाले. त्याचे हात उंच जायचे, कमान मोठी मिळायची, चेंडू उंच जाऊन थोडा उजवीकडे वळून अलगद पडायचा. १८ मेजर, शेवटचा १९८६ मध्ये ४६ व्या वर्षी. 'हात अजून वर ने' हा सल्ला मुख्यतः त्याच्या पिढीचा.

दरम्यान १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांनी केलेलं मोठं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात स्विंगला दोन जोडलेल्या लंबकांसारखं मांडलं होतं, वरचा लंबक म्हणजे खांद्यापासून हात, खालचा म्हणजे क्लब, मधली बिजागरी म्हणजे मनगट. यातून डाव्या हाताचा मुद्दा मला पहिल्यांदा नीट कळला. हात सरळ ठेवायचा तो दिसायला छान म्हणून नाही, कोपर जास्त वाकली की तिसरी बिजागरी तयार होते आणि ती नेमक्या वेळी उघडावी लागते, रोज सराव नसलेल्या माणसाला ते टायमिंग जमत नाही. थोडी वाकली तर चालते. उलट ताठ करून ठेवली तर खांदा आखडतो आणि वळण अर्धवट राहतं.

ऐंशीच्या दशकात डेव्हिड लेडबेटर या कोचनं खेळाडू निक फाल्डोचा स्विंग पार सोडवून परत बांधला, हात एकटे न जाता छातीच्या वळणासोबत जावेत यावर भर होता. फाल्डो १९८७ ची ओपन जिंकला, शेवटच्या दिवशी अठराही होलवर पार (होलला ठरलेले तेवढेच फटके). काखेत टॉवेल धरून मारायचा ड्रिल आपल्याकडे करतात तोही हात आणि अंग जोडून ठेवण्याच्या याच विचारातला.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना, आणि गोल्फ मग छावण्यांमधून, साहेबांच्या क्लबांमधून पसरत गेला. शिकवणारे कमी, त्यामुळे कॅडी पोरं नुसतं बघून बघून शिकली. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. आणि आपल्या नागपूरकरांचा अजून एक वारसा आहे, क्रिकेट. लहानपणापासून बॅकलिफ्ट घेतलेली, त्यात कोपर वाकते आणि बॅट हातानंच उचलली जाते, खांदे फारसे वळत नाहीत. तोच हात गोल्फमध्ये येतो, क्लब उचलला जातो, छाती तिथल्या तिथे. मी पाहिलेल्या नवीन लोकांत हीच अडचण सगळ्यात जास्त, आणि ती 'डावा हात सरळ' म्हणून सुटत नाही, आधी छाती वळवायला शिकावं लागतं, मग हात बराचसा आपोआप सरळ राहतो.

गेल्या काही वर्षांत मनगट आत वाकवण्याची लाट आलीये, डस्टिन जॉन्सन (यूएस ओपन २०१६) आणि कॉलिन मोरिकावा यांच्यामुळे. होगनच्या अगदी उलट, यात फेस बंद होतो. पण ते लोक खाली येताना कंबर आणि छाती इतक्या वेगानं उघडतात की फेस चेंडूवर येईपर्यंत सरळ होतो. ऑफिसातून खुर्चीवरून उठून सरावाला आलेल्या माणसाची कंबर तशी फिरत नाही, मग चेंडू डावीकडे झाडीत.

म्हणून कोणाचाही सल्ला घ्यायच्या आधी मोबाईल हातांच्या रेषेत मागे ठेवा, टॉपला थांबा आणि क्लबचा फेस बघा. फेस डाव्या हाताच्या कोपर ते मनगट भागाला समांतर असेल तर सरळ, आकाशाकडे बघत असेल तर बंद, क्लबच्या डोक्याचं टोक सरळ खाली लोंबत असेल तर उघडा. उघडा असेल आणि स्लाइस होत असेल तर ग्रिप जरा उजवीकडे वळवा किंवा मनगट सपाट करा, दोन्ही एकदम नको. कोपरीचं नंतर बघता येतं.