माल्टाची जुनी बस मागवताना : आधी साल सांगा, मग रंग

“माल्टाची ती पिवळी बस करून हवी आहे.” सोबत मोबाइलवर एक फोटो आणि खाली प्रश्न, “कधी मिळेल?” असा निरोप आम्हाला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. आमचे उत्तर ठरलेले असते : “बस कोणत्या सालातली हवी?” यावर पुष्कळ जण जरा नाराज होतात. फोटो दिला, रंग सांगितला, मग साल कशाला? हे पत्रक त्यासाठीच छापले आहे. ऑर्डर देण्याआधी एकदा निवांत वाचा. तुमचे आणि आमचे मिळून तीन आठवडे वाचतील.

आमचे काम बहुतेकांना माहीत आहे. सावंतवाडीच्या वर्कशॉपमध्ये आम्ही शिवणीच्या लाकडात जुन्या बसगाड्यांची मॉडेल करतो. माप एकास चोवीस, म्हणजे आठ मीटरची बस साधारण एक फूट एक इंच लांबीची होते. माल्टाच्या, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या त्या बेटाच्या, बस मागणारे तीन प्रकारचे लोक असतात. जहाजावर नोकरी केलेल्यांची मुले-नातवंडे, हल्ली माल्टाला कामाला असलेली आपली मुले (त्यांतली काही तर तिथे आजची बसच चालवतात), आणि फिरून आलेले पर्यटक. तिघांच्या मनातली बस वेगवेगळी असते. नाव मात्र तिघेही एकच घेतात, ‘माल्टाची पिवळी बस’.

पिवळी बस खरी आहे, पण ती फक्त १९९५ ते २०११ या काळातली. पिवळे अंग, नारिंगी पट्टा, पांढरे टप. इंटरनेटवर शोधलेत की हीच दिसते, कारण पर्यटकांनी तिचेच फोटो सर्वांत जास्त काढले. त्याआधी, १९७० च्या दशकापासून, माल्टा बेटावरच्या बस हिरव्या होत्या. आणि त्याच्याही आधी प्रत्येक मार्गाच्या बसला तिचा स्वतःचा रंग होता. गावाची पाटी वाचता येईना तरी माणूस लांबून रंग पाहून आपली बस ओळखायचा. म्हणजे १९५५ किंवा १९६५ सालची बस हवी असेल, तर नुसते साल सांगूनही भागत नाही, मार्गही लागतो.

गोंधळ होतो तो बसच्या घाटामुळे, आणि यात ग्राहकाची चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे रंग बदलतो तेव्हा बहुधा गाडीही बदललेली असते. माल्टात तसे नव्हते. तिथे बस बहुतेक चालकाच्या स्वतःच्या मालकीची असायची. नवी गाडी बाहेरून आणणे महाग, म्हणून आहे तीच जपायची. लष्कराने वापरून टाकलेल्या बेडफर्ड या इंग्लिश कंपनीच्या ट्रकची चॅसी (खालचा सांगाडा) घ्यायची, गावातल्या कारखान्यात तिच्यावर बॉडी चढवायची, इंजिन थकले की दुसरे बसवायचे, पत्रा सडला की तेवढाच कापून नवा लावायचा. अशी गाडी चाळीस-पन्नास वर्षे रस्त्यावर राहायची. तीच बस आधी मार्गाच्या रंगात, मग हिरव्या रंगात, मग पिवळ्या रंगात धावली. त्यामुळे तुम्ही पाठवलेल्या पिवळ्या बसचे गोल नाक, फुगीर टप आणि रुपेरी जाळी पाहून ‘ही आजोबांच्या वेळची’ असे वाटते. घाट आजोबांच्या वेळचाच आहे. रंग नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मुंबईच्या एका ग्राहकाने वडिलांच्या वाढदिवसासाठी बस मागवली. वडील मालवाहू जहाजावर होते, आता वय चौऱ्याऐंशी. सोबत एक काळा-पांढरा फोटो होता. बंदरावरून वर शहरात आलेले तीन खलाशी, मागे बस. मुलगा म्हणाला, “पिवळी करा, मी नेटवर बघून घेतलंय.” त्या वेळी आम्ही आजच्याइतके ताणून धरत नव्हतो. केली पिवळी. काम सुंदर उतरले होते. खिडक्यांखालची नारिंगी पट्टी एका दमात ओढली होती, कुठे थरथर नाही. मुलाने बस घरी नेली. वडिलांनी ती मांडीवर घेतली, दारावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “ही ती बस न्हय. ती तांबडी होती.” मग त्यांनी मूळ फोटो मागवून उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिले होते : माल्टा, १९६१. मुलाने आम्हाला फक्त पुढची बाजू पाठवली होती.

बस परत आली, आम्ही ती तांबडी करून दिली. पण रंग बदलणे म्हणजे वरून दुसरा हात मारणे नव्हे, हे इथे नीट सांगायला हवे. पिवळ्यावर तांबडा मारला तर कडांना पिवळा डोकावतो आणि पट्टीचा उंचवटा खालून दिसत राहतो. त्यासाठी सगळा रंग अस्तरापर्यंत घासावा लागतो. त्याआधी अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या, जाळी, दिव्यांच्या कड्या उचकटायच्या. या पट्ट्या दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात. एकदा चिकटवून काढल्या की वाकतात, त्या पुन्हा लावता येत नाहीत, नव्या कापाव्या लागतात. मग अस्तर, मग रंगाचे तीन हात, प्रत्येक हातानंतर सुकवण आणि पाणी लावून घासणे. अक्षरे पुन्हा लिहायची. एवढ्यात तीन आठवडे जातात, आणि मागच्या रांगेतल्या प्रत्येकाची बस तेवढी पुढे ढकलली जाते. म्हणून आता आमचा नियम असा : साल पक्के झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. रंग सुरू झाल्यावर बदल सांगितलात तर १,८०० रुपये वेगळे पडतील. काहींना हा दंड वाटतो. ती नव्या पट्ट्यांची आणि घासणाऱ्या हातांची मजुरी आहे, त्याहून एक रुपया जास्त नाही.

साल कसे शोधायचे

फोटो रंगीत असेल तर निम्मे काम झाले. पिवळी-नारिंगी म्हणजे १९९५ नंतरची. हिरवी असेल तर आम्हाला मूळ फोटो जरा मोठा करून पाठवा, कारण १९७० च्या आधीही काही मार्गांच्या गाड्या हिरव्या असू शकतात आणि छटेवरून फरक कळतो. राखाडी अंग आणि लाल पट्टा असेल तर ती बस माल्टा बेटाची नाहीच, शेजारच्या गोझो बेटाची आहे. गोझो म्हणजे ६७ चौरस किलोमीटर, आपल्या कुलाबा ते माहीम-शीव एवढ्या मूळ मुंबईइतके. पण त्या एवढ्याशा बेटानेही आपल्या गाड्यांचा रंग वेगळा ठेवला. आम्हाला गोझोची बस करायला विशेष आवडते. तो राखाडी रंग साध्या डब्यात मिळत नाही, आम्ही तो स्वतः कालवतो.

फोटो काळा-पांढरा असेल तर बसकडे नको, बसच्या मागे बघा. राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेर मोठे कारंजे आहे. तीन मत्स्यपुरुष डोक्यावर मोठी परात धरून बसले आहेत, असे. सगळ्या गावांच्या बस त्याच्याभोवती उभ्या राहायच्या, आणि खलाशांचे बहुतेक फोटो तिथलेच असतात. हे कारंजे १९५९ चे. ते दिसत असेल तर फोटो त्यानंतरचा. आता कारंज्यापलीकडची वेस बघा. कमानींची जुनी, नक्षीदार वेस १८५३ ची, ती १९६४ मध्ये पाडली. तिच्या जागी आली ती साधी, सपाट, रुंद चौकोनी दाराची. म्हणजे कारंजेही आहे आणि कमानीही आहेत, तर फोटो १९५९ ते १९६४ मधला. त्या तीन खलाशांच्या फोटोत कोपऱ्यात अर्धी कमान दिसत होती. तेव्हा आम्हाला हे बघायची सवय असती, तर पेन्सिलीच्या अक्षरांची गरजच पडली नसती.

आजोबा जहाजावर असतील तर त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका काढा. कोणत्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले, याच्या नोंदी त्यात तारखेनिशी असतात. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ती बहुतेक घरांत सापडते. आणि आजोबा हयात असतील तर सगळ्यात आधी त्यांनाच विचारा. भेट गुपित ठेवायची म्हणून लोक विचारत नाहीत, हे आम्ही समजू शकतो. पण ‘तिथली बस कशी होती हो?’ एवढे विचारल्याने गुपित फुटत नाही.

नंबरच्या पाटीवर डीबीवाय किंवा ईबीवाय अशी तीन अक्षरे असतील तर ती शेवटच्या, पिवळ्या काळातली. गोझोच्या गाड्यांना एफबीवाय असे. साठ सालची बस सांगून खाली अशी तीन अक्षरी पाटी मागणारे पुष्कळ आहेत. तशी पाटी आम्ही लावून देणार नाही. जाणकाराच्या हाती बस पडली की पहिल्यांदा त्याची नजर पाटीवरच जाते.

जाळीवरच्या नावावर मात्र विश्वास ठेवू नका. चालक-मालकांना आपली गाडी सजवायची हौस होती. बेडफर्डच्या नाकावर दुसऱ्याच कंपनीचा बिल्ला झळकतोय, असे सर्रास व्हायचे. फोटोत बिल्ला दिसतो तसा आम्ही करतो, पण चॅसी कोणती हे चाकांची जागा आणि बॉनेटची ठेवण पाहून ठरवतो. म्हणून बसचा बाजूचा फोटो मिळाला तर उत्तम.

सजावटीबद्दल नेहमी विचारतात. माल्टाच्या गाड्यांवर हाताने काढलेली वेलबुट्टी आणि वळणदार अक्षरे असायची. या कलेला तिथे तबेरफिल म्हणतात. आत चालकाच्या डोक्यावर संतांच्या तसबिरी, झालरी, माळा. आपल्याकडच्या ट्रकवाल्याला हे सांगावे लागणार नाही. फोटोत दिसते ती वेलबुट्टी दरातच धरलेली आहे, आमच्याकडे ती दोन नंबरच्या ब्रशने काढतात, स्टिकर नाही. फोटोत नसेल तर आम्ही मनाने काही घालत नाही. एखाद्याची बस साधी होती तर ती साधीच राहू द्यावी. आतली घंटीची दोरी मात्र आम्ही प्रत्येक बसमध्ये घालतो. छताखालून गेलेली ही दोरी ओढली की पुढे घंटा वाजायची आणि बस थांबायची. आमच्या बसमध्ये ती दोऱ्याची असते, खिडकीतून डोकावले तरच दिसते.

जे आम्ही करत नाही

माल्टात बस पहिल्यांदा आली १९०५ मध्ये, इंग्लंडच्या थॉर्निक्रॉफ्ट कंपनीची. तिची मागणी येते, पण आमच्याकडे तिची भरवशाची मापे नाहीत, म्हणून घेत नाही. ३ जुलै २०११ ला जुन्या गाड्या एका दिवसात सेवेतून गेल्या आणि नवी कंपनी आली. त्यानंतरच्या फिरोजी रंगाच्या बसही आम्ही करत नाही. माल्टाला नुकतेच गेलेल्यांनी काढलेले फोटो बहुधा त्यांचे किंवा त्यांच्याही नंतरच्या गाड्यांचे असतात. रस्त्यावरचा फोटो आणि मनातली बस एकच आहे ना, ते ऑर्डरआधी ताडून बघा. काही जुन्या गाड्या जपून ठेवल्या आहेत, त्यांतल्या एखादीचा फोटो असेल तर तो आनंदाने घेऊ.

वेळ आणि पैसे

साल, मार्ग आणि फोटो हाती आल्यापासून सहा आठवडे. जून ते सप्टेंबर नऊ आठवडे धरा. कोकणच्या पावसात रंगाचा एक हात सुकायला उन्हाळ्याच्या तिप्पट वेळ लागतो आणि घाई केली तर तो दुधाळ पडतो. गणपतीला गावी येताना घेऊन जायची असेल तर मे महिन्यातच सांगा. निम्मी रक्कम आगाऊ, बाकीची बस तयार झाल्यावर फोटो पाहून. दर सोबतच्या कागदावर आहेत. अस्तराच्या अवस्थेत आम्ही एक फोटो पाठवतो आणि रंगाच्या तीन पट्ट्या लाकडावर मारून दाखवतो. त्याला ‘होय’ म्हणण्याआधी घरातल्या मोठ्यांना दाखवा. बदल करायला हीच योग्य वेळ, आणि इथपर्यंत त्याचे काही पैसे नाहीत.

एक जोडी अलीकडे बरीच जाते, तीही सांगून ठेवतो. आपल्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तीही बेडफर्डच होती. लाकडी बॉडी, काथ्याची आसने. माल्टाची बेडफर्ड आणि आपली बेडफर्ड शेजारी ठेवली की एकाच कंपनीच्या गाड्या दोन मुलखांत कशा वेगळ्या वाढल्या, ते न बोलता कळते. दोन्ही एकत्र घेतल्यास पाठवणखर्च आमचा. एसटीसाठीही साल लागेलच.

ऑर्डरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा : साल (नक्की नसेल तर ‘अमुक ते अमुक’), माल्टा की गोझो, मार्ग किंवा गावाचे नाव, आणि फोटो कोणी, कुठे काढला. माल्टी भाषेत बसला शाराबँक म्हणतात. खाली पाटीवर तो शब्द हवा की मराठीत काही, तेही लिहा. मूळ फोटो टपालाने पाठवू नका, हरवला तर भरून देता येणार नाही. मोबाइलवर काढून पाठवा, उजेडात, चमक न येता, आणि पुढची व मागची अशा दोन्ही बाजू.