ड्रग्जची शिक्षा कडक झाली की तब्येतीचं काय होतं, थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1 सप्टेंबर 2024 पासून ड्रग्ज जवळ बाळगणं परत गुन्हा झालं. 2021 मध्ये शिक्षा काढली होती, ती साडेतीन वर्षांत परत आली. शिक्षा असावी की नसावी, हे भांडण जुनं आहे.

कडक शिक्षांची लाट आली 1973 च्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर कायद्यांपासून, काही औंस हेरॉइन सापडलं तरी किमान 15 वर्षं ते जन्मठेप. 1988 मध्ये तर केंद्रीय कायदाच झाला की 5 ग्रॅमपेक्षा जास्त क्रॅक (कोकेनचा धूर करून ओढायचा प्रकार) नुसतं खिशात सापडलं, विकत नसलात तरी, 5 वर्षं आत. भीती बसली की लोक सोडतील असा हिशोब होता. पण व्यसन असं भीतीने सुटत नाही हो, ते लपतं.

लपल्यावर काय होतं ते स्कॉटलंडच्या एडिनबरात दिसलं. 80 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोलीस सिरिंज दिसली की जप्त करायचे, दुकानात मिळणंही अवघड झालं, मग स्वतःची सुई जवळ ठेवणार कोण? एका खोलीत चार-पाच जण आणि सुई एकच, तीच सगळ्यांच्या हातातून फिरायची, आणि नेमका त्याच वेळी एचआयव्ही येऊन पोचला. 1986 मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या हेरॉइन घेणाऱ्यांच्या तपासणीचा रिपोर्ट आला, 51 टक्के पॉझिटिव्ह. तासाभरावरच्या ग्लासगोत प्रमाण खूपच कमी होतं.

दुसरा धोका सुटून आल्यावरचा, याबद्दल फारच कमी बोललं जातं. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास बंद पडतो. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांवरचा 2007 चा अभ्यास सांगतो की पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकीच्या लोकांच्या 129 पट. 129 पट! आणि सोबत बसलेला मित्र पोलीस येतील म्हणून अॅम्ब्युलन्सला फोनच करत नाही, ते वेगळंच.

पोर्तुगालने 2001 मध्ये उलटं केलं, दहा दिवस पुरेल एवढा साठा सापडला तर कोर्टाऐवजी एका समितीसमोर जायचं, जिथून उपचाराची वाट दाखवली जाते. सुया बदलून देणं तिथे आधीपासून सुरू होतंच. इंजेक्शन घेणाऱ्यांमधले नवे एचआयव्ही रुग्ण वर्षाला हजाराच्या घरात होते ते पुढे शंभराच्याही खाली गेले. ओरेगॉनने शिक्षा काढली पण उपचाराचे पैसे केंद्रांपर्यंत पोचायला फार उशीर झाला, आणि तोवर रस्त्यावर फेंटानिल, हेरॉइनपेक्षा कितीतरी पट जहाल असं कृत्रिम ड्रग, आलं होतं.