बॉल पायथनचा उपास
बॉल पायथन म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो म्हणून हे नाव. घाना, टोगो, बेनिनमधून याची भरपूर निर्यात झाली आणि आज अमेरिका-युरोपात घरोघरी पाळला जातो. स्वभावाने गरीब, चावायच्या भानगडीत सहसा पडत नाही, पण जेवणाचे नखरे विचारू नका. चांगलं खाता खाता एक दिवस उंदराकडे ढुंकूनही बघत नाही, मग दोन महिने, चार महिने, कधी सहाच्याही वर उपास चालतो.

मालकाची झोप उडते, साप निवांत. अंग गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे मोठ्या सापाचं वजन एवढ्यात फारसं उतरत नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात तेव्हा तो खात नाही, विणीच्या काळात बरेच नर खात नाहीत, आणि मादी अंड्यांना वेटोळं घालून साधारण दोन महिने बसते तेव्हा तीही सहसा उपाशीच. म्हणजे हा आजार असेलच असं नाही.

खरा घोळ बहुतेक वेळा टँकमध्ये असतो. गरम बाजू 31 ते 33 अंश, थंड बाजू 25 ते 27, हवेत 60 टक्क्यांच्या आसपास ओलावा आणि दोन्हीकडे अंग घट्ट बसेल अशी लपायची जागा, एवढं नसेल तर उंदीर बदलून काही होत नाही. नवीन आणलेल्याला आठवडाभर हात लावू नये (हे कुणालाच जमत नाही).

मग उंदराकडे वळायचं. फ्रोजन उंदीर फ्रीजमध्ये वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, मायक्रोवेव्ह नको. सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात त्यामुळे उंदराचं डोकं कोमट लागलं पाहिजे. संध्याकाळी अंधार पडल्यावर लांब चिमट्याने थोडा हलवून दाखवायचा. छोट्या उंदरांवर वाढलेल्या सापाला मोठ्या जातीचा उंदीर हे खाणं आहे हेच कळत नाही, तेव्हा त्याला ओळखीच्या उंदराचा वास चोळतात. नाही घेतला तर आठवडाभर थांबायचं, रोज रोज नाकासमोर नाचवलं की साप अजून बिथरतो. जिवंत उंदीर सोडून झोपायला जाऊ नये, उंदीरच सापाला कुरतडतो.

वजन काट्यावर बघत राहायचं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, पाठीचा कणा दिसायला लागला किंवा तोंडातून बुडबुडे आले तर डॉक्टर. पिल्लांच्या बाबतीत एवढी वाट बघू नये. जबरदस्तीने भरवणं अगदी शेवटी, तेही डॉक्टरांनीच.

आपल्याकडे नाग, धामण असे देशी साप पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि बॉल पायथन विदेशी असला तरी त्याची सरकारी नोंदणी लागते. आणि साप खात नाही म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, दूध देऊन बघा. साप दुधावर जगत नाही, नागपंचमीला गारुड्याचा नाग पितो कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो.