हायडेलबर्ग : गाव विद्यार्थ्यांचं, तुरुंगही त्यांचाच

जर्मनीत शिकणारी आपली मुलं एखाद्या शनिवारी हायडेलबर्ग गाठतात. फेरा ठरलेला असतो. डोंगरावरचा पडका किल्ला, नेकार नदीवरचा जुना पूल आणि विद्यार्थ्यांचा तुरुंग. हे शेवटचं ऐकून हसू येतं, पण गाव समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी.

विद्यापीठ १३८६ सालचं. १३७८ मध्ये ख्रिस्ती जगात एकाच वेळी दोन पोप झाले, एक रोमला आणि दुसरा आव्हिन्यों इथे. फ्रान्स आव्हिन्योंच्या पोपमागे उभा राहिला आणि रोमच्या पोपला मानणाऱ्या पॅरिसमधल्या जर्मन पंडितांची पंचाईत झाली. इथला राज्यकर्ता रुप्रेख्ट पहिला याने ती संधी साधून विद्यापीठ काढलं. पॅरिसमध्ये शिकवलेला मार्सिलियस पहिला कुलगुरू झाला. विद्यापीठाला स्वतःचं न्यायालयही मिळालं, म्हणजे विद्यार्थ्याने गावात दंगा केला तरी निवाडा विद्यापीठाचा.

शिक्षा भोगायची तर कोठडी हवीच. आज दिसते ती जुन्या विद्यापीठाच्या इमारतीमागची कोठडी १७७८ ते १९१४ या काळात वापरात होती. दारू पिऊन रात्री गोंधळ घालणं, द्वंद्वयुद्ध खेळणं, अशा गुन्ह्यांसाठी काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कैद. सुरुवातीचे दिवस पाव-पाण्यावर काढायचे, व्याख्यानाला मात्र जायची मुभा. पोरांनी या शिक्षेचाही मान करून टाकला. भिंती, छत, जिन्याची बाजू, जिथे हात पोचेल तिथे नावं, टोप्या घातलेल्या चेहऱ्यांच्या छाया आणि कविता. एका खोलीचं नाव ‘पॅले रॉयाल’, आणि संडास म्हणजे ‘सिंहासनाची खोली’! कैदेत जाऊन आलो नाही तर शिक्षण अपुरं, अशी समजूत होती म्हणतात.

याच विद्यापीठाच्या चौकात, तुरुंगापासून चार पावलांवर, मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. भिंतींवरची ती गमतीशीर चित्रं बघून बाहेर पडणाऱ्याने त्या चौकात मिनिटभर थांबावं.

किल्ल्याची कथा तशी थोडक्यात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये किल्ला आणि गाव बेचिराख केलं. डागडुजी चालू असताना १७६४ मध्ये वीज पडली आणि नाद सुटला. मग लोक घरं बांधायला त्याचेच दगड नेऊ लागले. ते थांबवायला धडपडला तो शार्ल द ग्रेंबेर, १८१० मध्ये आलेला एक फ्रेंच सरदार. फ्रेंचांनी पाडलं आणि फ्रेंचानेच राखलं. खाली गाव नव्याने उभं राहिलं ते जुन्याच गल्ल्यांवर, त्यामुळे रस्ते मध्ययुगीन आणि घरं बहुतेक अठराव्या शतकातली. १५९२ चं ‘त्सुम रिटर’ हे घर आगीतून वाचलं.

पूल ओलांडून चढण चढली की ‘तत्त्वज्ञांची वाट’ लागते. हे तत्त्वज्ञ म्हणजे दाढीवाले ऋषी नव्हेत. पूर्वी कुठलीही विद्या शिकायची तर आधी तत्त्वज्ञान शिकावं लागे, म्हणून विद्यार्थ्यांनाच हे नाव पडलं. एकांत हवा असलेली तरुण मंडळी इथे फिरायला येत.

मराठी माणसाला हायडेलबर्गची आणखी एक ओळख आहे. इथल्या दक्षिण आशिया संस्थेतले प्राध्यापक गुंथर सोन्थायमर (निधन १९९२) यांनी खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्या अभ्यासात आयुष्य घातलं, आणि त्यासाठी ते महाराष्ट्रातल्या धनगरवाड्यांमधून वर्षानुवर्षं हिंडले.