माईकसमोरचा एकटा माणूस आणि आपली विनोदबुद्धी

दीड-दोन वर्षांचं मूल चप्पल उचलून डोक्यावर ठेवतं आणि लगेच आपल्याकडे बघतं. आपण हसलो की ते खिदळतं. आपलं लक्ष नसेल तर समोर येऊन पुन्हा तेच करतं. विनोदबुद्धीची सुरुवात मला इथे दिसते, आणि माईकसमोर एकट्याने उभं राहून लोकांना हसवणाऱ्या स्टँड-अप कॉमेडीचीही. चप्पल डोक्यावर घालायची नसते हे त्याला कळलंय, आणि कुणी बघितल्याशिवाय त्यात मजा नाही, हेही कळलंय. तीन-चार महिन्यांचं बाळ हसू लागतं तेव्हाही बहुधा समोर कुणाचा तरी चेहरा असतो. पुढे सहा-सात वर्षांचं झालं की शब्दाला दोन अर्थ असू शकतात हे उमगतं, आणि मग घरातल्या प्रत्येकाला तेच कोडं दहादा घातलं जातं. ऐकणारे कंटाळतात. मूल मात्र उत्तर किती वेळ राखून ठेवायचं, हे त्यातूनच शिकत असतं.

विनोदबुद्धी हा माणसाचा स्वतःचा गुण आहे, ही समजूत फार जुनी नाही. नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा प्रकार आहेत. त्यांची वाटणी उत्तम, मध्यम आणि अधम अशा पात्रांत केली आहे. कोण किती मोठ्याने हसतो यावरून त्याची पायरी ठरायची. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये हसण्याचं मूळ दुसऱ्याचा उणेपणा बघून अचानक वाटणाऱ्या बढाईत शोधलं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये म्हटलं की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येतं. मला कांट जास्त पटतो, पण हॉब्जही खोटा नाही. शाळेच्या वर्गात बसलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. ‘ह्यूमर’ हा शब्द तर मुळात शरीरातल्या द्रवांसाठी होता. त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून स्वभाव ठरतो, असं मानत. ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ हा माणसात असावाच असा गुण ठरला तो एकोणिसाव्या शतकात.

विनोद माणसाचा स्वतःचा असतो, हा बदल रंगमंचावर आणखी उशिरा पोचला. अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नाच, चुटके अशा मिश्र करमणुकीच्या खेळांत, मागे नेपथ्य बदलत असताना पडद्यापुढे उभं राहून एखादा नट चुटके सांगायचा. ते चुटके कुणाचेही असत. विकत घेतलेले, उचललेलेही. १९५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ क्लबमध्ये विनोदकार मॉर्ट साल स्वेटर घालून, हातात वर्तमानपत्र घेऊन उभे राहिले आणि त्या दिवसांच्या राजकारणावर स्वतःला जे वाटत होतं ते बोलू लागले. असं मनातलं बोलण्याची मोठी किंमत विनोदकार लेनी ब्रूस यांनी मोजली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं, १९६६ मध्ये ते वारले, आणि माफी मिळाली २००३ मध्ये.

मला सगळ्यात जास्त भिडतात ते अमेरिकन स्टँड-अप कलाकार रिचर्ड प्रायर. त्यांचं बेतशीर, गुळगुळीत काम उत्तम चाललं होतं. १९६७ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून ते कार्यक्रम अर्धा सोडून निघून गेले. पुढे ते आजीच्या कुंटणखान्यात गेलेल्या आपल्या बालपणाबद्दल बोलू लागले. स्वतःचं दुखरं आयुष्य हाच विनोदाचा ऐवज होऊ शकतो, हे त्यांच्यामुळे पुढच्या पिढ्यांना दिसलं.

बोलणारा असा स्वतःबद्दल बोलू लागला तशी प्रेक्षकाची निवडही खासगी झाली. कोण आवडतो हे सांगताना आपण आपल्याबद्दलही बरंच सांगून जातो. तरीही हसणं एकट्याचं होत नाही. रॉबर्ट प्रोवाइन या संशोधकाला आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. म्हणून तर बुटक्या छताच्या, खुर्च्या खेटून मांडलेल्या अंधाऱ्या खोलीत स्टँड-अप रंगतं, आणि तोच कार्यक्रम रात्री फोनवर एकट्याने बघताना आपण नुसतं नाकातून हसतो.

अशाच एका छोट्या खोलीत मी एका तरुणीला ऐकलं. वडिलांच्या खाटेशेजारी रुग्णालयात जागून काढलेल्या रात्रीबद्दल ती बोलत होती. कुणी हलत नव्हतं. तिने पाण्याचा घोट घेतला, बाटलीचं झाकण सावकाश लावलं आणि वडील शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले ते सांगितलं: “टीव्ही कुणी बंद केला?” मागच्या रांगेत एकच माणूस मोठ्याने हसला. अशी रात्र त्याने स्वतः काढली असणार, असं मला त्या आवाजावरून वाटलं. मग आम्ही सगळे त्याच्यामागून हसलो.